कानबाईनं अडवलेली वाट

देवावर माझा विश्वास यथातथाच होता. नव्वदच्या सुमारास चोपड्याजवळच्या आमच्या गावी माझा पहिला मुलगा जन्मला आणि आठवडाभरातच त्याच्या जिभेवर पांढरा थर धरला. सासूबाईंना वाटलं, दूध साचलंय. बोटाला फडकं गुंडाळून, मध लावून त्या रोज मायेनं तो थर घासून काढत. पण खालून रक्त यायला लागलं, आणि एके दिवशी पोरानं दूध ओढणंच सोडलं. छातीशी धरलं की किंचाळायचं. मग किंचाळणंही मंदावलं.

त्यात श्रावणातली कानबाई, आमच्या खानदेशातली घरोघर बसणारी देवी, आली. घरात सोयर, म्हणून ती आमच्याकडे बसवता आली नाही. "कानबाई रुसनी," असं सासूबाई पुटपुटत राहिल्या. मला रागच आला. बाळंतिणीवर रुसणारी ही कसली आई?

सोमवारी सकाळी आम्ही नवरा-बायको पोराला घेऊन जीपनं जळगावला निघालो. वाटेतल्या एका गावात रस्ता बंद. कानबाईचं विसर्जन! बाया फुगड्या घालतायत, वाजंत्री वाजतायत, आणि माझ्या मांडीवर पोर मान टाकतंय. "बाई, सरक की आता!" मी थेट देवीवरच ओरडले.

फुगडी सोडून एक बाई जीपपाशी आली. "काय व्हयनं पोरले?" मी सांगितलं, पण हात आडवा धरला. "शिवू नका, सोयर आहे. तुमचा उपास असेल."

"मायले कसानं सोयर? आन इकडे!"

मी पोर दिलं. कसं दिलं, आजही कळत नाही. ती गर्दीत घुसली, मी मागे धावले. तिचा दीर धुळ्याला डॉक्टर होता. कानबाईला सगळे भाऊबंद गावी जमतात, म्हणून तोही आलेला, अनवाणी, कपाळभर गुलाल. त्यानं बाळाचं तोंड उघडून पाहिलं. "ताई, हे दूध नाही, बुरशी आहे. घासू नका, जखमा झाल्यात." घरी नेऊन त्यानं जांभळं औषध लावलं, मलाही छातीला लावायला दिलं. मी वाटीत दूध काढलं आणि ती बाई चमच्यानं थेंब थेंब पाजत बसली. बराच वेळ दूध ओठांवरून ओघळत होतं. मग पोरानं घोट गिळला. मी हमसून हमसून रडले.

त्या बाईचं विसर्जन हुकलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

हा योगायोग की कृपा, यावर मी वाद घालत नाही. जिवापाड जपलेलं कुणा अनोळखी हातात सोडता आलं, तेवढीच माझी भक्ती. त्या दिवशी पोरानं घोट गिळला तेव्हा बाहेर कानबाई नदीकडे निघाली होती. मला हात जोडता आले नाहीत. हातांत पोर झोपलं होतं.