आधी माणूस बघा

“आमचा पत्ता बदलला, यापुढे पैसे इकडे पाठवा,” असं पत्र शहाडच्या बाजारात कुणा दुकानदाराला आलं, की तो ते घेऊन आधी सहदेवच्या मिरची-कांडपावर येई. सहदेव पत्र उलटसुलट बघे आणि म्हणे, “आधी माणूस बघा, मग पैसे पाठवा.” लोक माघारी त्याला संशयी म्हणत. म्हणेनात का! त्याच्या त्या एका वाक्यानं बाजारातली दोन-तीन दुकानं तरी बुडता बुडता वाचली होती. त्याचं स्वतःचं मात्र जे जायचं ते गेलं होतं.

त्याला हळद पुरवायचा सांगलीचा परशुराम. वीस वर्षांची दोस्ती. पोती आधी यायची, ड्राफ्ट हंगाम संपल्यावर जायचा. सहदेवच्या मुलीच्या लग्नात हा परशुराम पंगतीत वाढायला घरच्यासारखा उभा राहिला होता.

शहाऐंशीच्या एप्रिलात एक पोस्टकार्ड आलं. वर ‘श्री’ नव्हतं, ते बघूनच सहदेवच्या बायकोनं, मालननं ओळखलं, की कुणीतरी गेलं. परशुराम हार्टफेलनं गेला, दिवसकार्य उरकलं, राहिलेल्या बाकीचा ड्राफ्ट आता पुतण्या हरिहरच्या नावानं मिरजेला धाडावा, असा मजकूर होता. खाली परशुरामच्या दुकानाचा शिक्का, आणि बाकीचा आकडाही बरोबर. सहदेव लहान पोरासारखा रडला. मेल्याची चिठ्ठी घरात ठेवत नाहीत, म्हणून ती तिथल्या तिथे फाडली आणि दोघांनी अंघोळी केल्या. सांगलीला जायला हवं होतं. पण ऐन मसाल्याचा हंगाम, दारात बायकांची रांग. पाऊस लागला की निवांत जाऊ, असं तो म्हणाला. ड्राफ्ट मात्र दुसऱ्याच दिवशी गेला.

मे सरता सरता खुद्द परशुरामच बाकी मागायला दारात उभा राहिला. मालनच्या हातातलं सूप खाली पडलं. मग ती हसत-रडत म्हणाली, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. परशुराम हसला नाही. त्याला हरिहर नावाचा पुतण्याच नव्हता. त्यानं पत्र मागितलं, तर पत्र फाडलेलं. बँकेच्या पावतीवर त्या हरिहरचंच नाव. पुढे मिरजेत पोलिसांनी शोध घेतला, पण त्या नावाचा माणूस काही सापडला नाही.

मालनच्या पाटल्या मोडून सहदेवनं पै न् पै पुन्हा चुकती केली. पैसे घेऊन परशुराम उठला, उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, “पैशाचं काय न्हाई, सहदेवा. मी मेल्याचं तुला कळलं, आन तू आला न्हाईस.”

सांगलीची हळद बंद झाली ती कायमची.

त्र्याण्णवच्या एप्रिलात पुन्हा कार्ड आलं. वर ‘श्री’ नाही. परशुराम वारला, आणि खाली सही त्याच्या मुलीची, हेमाची. मालन ते फाडायला गेली तर सहदेवनं तिच्या हातून हिसकावलं.

“हा तोच चोर आहे गं,” तो म्हणाला, आणि कित्येक वर्षांनी त्याचा चेहरा उजळला.

भर हंगामात कांडप बंद ठेवून त्यानं एसटी धरली. सात वर्षं चोराला शिव्या घातलेला हा माणूस सबंध वाटभर देवाची करुणा भाकत होता, की हे काम त्या चोराचंच असू दे. परशुरामनं दार उघडलं की काय बोलायचं, तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

दार हेमानं उघडलं. तिच्या मागे पाटावर परशुरामचा फोटो होता, त्याला हार घातलेला. सहदेवनं तरीही कार्ड पुढे केलं आणि हे अक्षर कुणाचं म्हणून विचारलं.

“माझंच, काका,” हेमा म्हणाली. “बाबाच सांगून गेले. म्हणाले, सहदेवला पत्र टाक. आता तो कागदावर विश्वास ठेवायचा नाही. बघायला येईल.”

सहदेव पायरीवरच बसला. मग त्यानं कार्ड फाडलं, आणि अंघोळीला पाणी मागितलं.