न झालेली गृहभेट

शेवटच्या वर्षाला आम्हा प्रत्येकीला एकेक मूल मिळालं. मिळालं म्हणजे निरीक्षणासाठी. बालविकास विषय घेतलेल्या आम्ही अकराजणी होतो. दर आठवड्याला त्या मुलाकडे जायचं, ते काय करतं ते लिहायचं, घरी भेट द्यायची, चाचण्या घ्यायच्या आणि फेब्रुवारीत सगळं जाड पुठ्ठ्याच्या जर्नलमध्ये बांधून विभागात द्यायचं. बाकीच्यांनी कॉलेजजवळच्या बालवाड्या धरल्या. खाडीपलीकडून येणारी मी एकटीच होते. मॅडम म्हणाल्या, "तू तुझ्याच बाजूचं मूल घे. तिकडे कोणी जात नाही."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला येऊन चार वर्षं झाली होती. वडील मराठवाड्यातून आलेले, महाप्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. कॉलेज गृहविज्ञानाचं, पण वडील शेजाऱ्यांना सांगायचे, "सायन्स शिकते." आईला मात्र माझा विषय कधीच पटला नाही. "लेकरं सांभाळायला कालेजात जावं लागतं का गं?" असं ती भाकरी थापता थापता विचारायची.

मी निवडलेली बालवाडी महाप्याच्या थांब्यावर उतरून खाडीच्या दिशेने अर्धा तास चाललं की लागणाऱ्या गावात होती. गावाची भातशेती कारखान्यांसाठी गेली होती, मिठागरं निम्मी बंद पडली होती. एका खोलीत तीसेक मुलं, एक बाई आणि भिंतीला टेकवलेला फळा. मला मिळालेली मुलगी पाच वर्षांची होती. दोन घट्ट वेण्या, कानांत तांब्याची तार, आणि तोंडातून शब्द नाही. हजेरीला सुद्धा ती फक्त हात वर करायची. बाई म्हणाल्या, "ही अशीच. जूनमध्ये पहिलीत जायचंय, पण काय करणार तिथं, देवाला माहीत."

मॅडमचा एकच नियम होता: दिसतं ते लिहा, वाटतं ते लिहू नका. मी तसंच लिहीत होते. दाराशी थांबली. पाटीवर रेघा मारल्या. शेजारणीने पेन्सिल ओढली, ती काही बोलली नाही. पानंच्या पानं भरत होती. डिसेंबरात चाचणी घेतली. मणी तिने भराभर ओवले. ठोकळ्यांचा मनोरा माझ्या मनोऱ्यापेक्षा उंच केला. पण चित्रांची कार्डं काढली आणि सगळं थांबलं. सफरचंद, आगगाडी, टेबल, काचेच्या भांड्यातला सोनेरी मासा. "हे काय आहे?" मी विचारत राहिले. माशाच्या कार्डाकडे ती खूप वेळ पाहत बसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी रकान्यात लिहिलं: प्रतिसाद नाही.

राहिली होती गृहभेट. एका सकाळी मी निघाले. बाईंनी घर दाखवलं होतं, विहिरीच्या मागची तिसरी आळी. आळीच्या तोंडाशी एक म्हातारी जाळं नीट करत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "कोनाकडं गो? कंच्या गावची तू?"

साधाच प्रश्न होता. पण मला तो पुढच्या प्रश्नासकट ऐकू आला. आडनाव सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लहानपणी आजोळी पाहिलं होतं. आईने तर बजावूनच ठेवलं होतं, अनोळखी घरी पाणी मागायचं नाही. कॉलेजात, बसमध्ये, वसाहतीत मी हे विसरून राहायला शिकले होते. त्या आळीत ते एकदम आठवलं. मी म्हातारीला म्हणाले, "रस्ता चुकले," आणि परत फिरले.

बालवाडीत येऊन मी बाईंनाच विचारलं, घरी कोण कोण असतं, आई काय करते. बाईंनी दोन-चार वाक्यं सांगितली. आई पहाटे खाडीवर जाते, बाप कंत्राटावर कामाला, आजी आहे. तेवढ्यावर मी गृहभेटीचा चार पानी तक्ता भरला. स्वयंपाकघर कसं आहे, खेळायला काय आहे, सगळं. शेवटी लिहिलं: घरात मुलांशी संवाद अत्यल्प, भाषिक वातावरण निकृष्ट, वयाच्या मानाने आकलन मागे. ही वाक्यं मला पुस्तकामुळे पाठ होती. लिहिताना हात कुठे अडला नाही.

मॅडमना जर्नल आवडलं. सगळ्यांसमोर त्यांनी गृहभेटीचं पान वाचून दाखवलं. "याला म्हणतात तपशील," त्या म्हणाल्या. मी खाली पाहून हसले. रीतीप्रमाणे जर्नलमधल्या अहवालाची एक प्रत बालवाडीलाही पाठवली गेली.

एप्रिलच्या सुरुवातीला, परीक्षेला तीन आठवडे असताना, मी मुलांचा निरोप घ्यायला म्हणून गेले. मोज्यांच्या बाहुल्या शिवून नेल्या होत्या. दारात एक बाई उभी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. तिच्या मागे तिला धरून माझी मुलगी.

"तू काय लिवलंस माज्या पोरीवर?" ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग बालवाडीच्या बाईंनी खालच्या आवाजात सांगितलं. पहिलीच्या नावांची यादी शाळेत देताना त्यांनी अहवालही दिला होता. हेडमास्तरांनी तो वाचला आणि मुलीचं नाव काढून टाकलं. मंद मुलीला इथे जागा नाही म्हणाले.

"तिचे घरान कोन बोलत नाय, आसा लिवलंस ना तू?" आई म्हणाली. ती ओरडत नव्हती. "माजे घरान तू कवा आलीस? सांग ना. कवा आलीस?"

तीस मुलं आमच्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "आले नाही."

"मंग चल आता."

ती पुढे, मुलगी मध्ये, मी मागे. तीच आळी. घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. ओटीवर तीच म्हातारी होती. तिने मला ओळखलं की नाही, कळलं नाही. यावेळी तिने गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी दोन्ही सांगितलं. म्हातारी जरा थांबली, मग आत गेली आणि पाण्याचा पेला आणून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही. ती सगळ्यांनाच असा देत असेल, किंवा नसेल. मी पाणी प्यायले.

आणि मुलगी बोलायला लागली. माझ्याशी नाही, पाळण्यातल्या भावाशी. टोपलीतली एकेक चिंबोरी, म्हणजे खेकडा, उलटी करून ती त्याला सांगत होती, ही नर, ही मादी, हिच्या पोटात अंडी हायत, ही उद्या सोडायची. खाडीतले बोईट, निवट्या मासे, शिंपल्यातले खुबे, कुठलं कुठे सापडतं, भरतीला कुठे जातं. मध्येच आजीचं वाक्य ती दुरुस्त करत होती. मी पिशवीतून चित्रांची कार्डं काढली. माशाचं कार्ड तिने स्वतःच ओढून घेतलं आणि आईला विचारलं, "यो कंचा? यो आपले खाडीन नाय."

म्हणजे डिसेंबरात ती विचार करत होती. मला वाटलं होतं तिला मासा ओळखता येत नाही. ती जात शोधत होती, आणि सापडत नव्हती म्हणून गप्प राहिली होती.

त्याच दुपारी तिची आई आणि मी, आम्ही दोघी शाळेत गेलो. मी हेडमास्तरांना म्हणाले, अहवाल चुकीचा आहे. ते माझ्याकडे शांतपणे पाहत होते. "सही तुमची आहे ना? तेव्हा खरं लिहिलं की आता खरं बोलताय? पोरगी माझ्यासमोर एक अक्षर बोलली नाही. तुमच्या कॉलेजचं पत्र आणा."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिल्या. "मार्क गेलेत पुढे," त्या म्हणाल्या. "तू गृहभेट केली नाहीस असं मी लिहून दिलं तर तुझं प्रॅक्टिकल रद्द होतं. वर्ष जातं. मी हे ऐकलं नाही असं समजते. परीक्षा दे, मग बघू त्या मुलीचं."

दोन दिवस मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले. तिसऱ्या दिवशी वडील कामावरून आल्यावर त्यांना सांगितलं. आळीच्या तोंडाशी का वळले, तेही. आई चुलीपाशी होती, ती एकदम म्हणाली, "परीक्षा दे गप. लोकाच्या लेकरापायी स्वतःचं वाटोळं करू नको."

वडील उठले. हातपाय धुऊन आले, टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाले, "लिहून दे. का वळलीस ते पण लिही."

मी अर्ज लिहिला. गृहभेट केली नव्हती, अहवालातली माहिती ऐकीव होती, असं स्पष्ट लिहिलं. कारणाच्या जागी मात्र 'वैयक्तिक अडचण' एवढंच लिहिता आलं. वडिलांना मी तो कागद दाखवला नाही. मॅडमनीही अडचण कसली ते विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना अंदाज होता.

माझं प्रॅक्टिकल रद्द झालं. मैत्रिणी पास होऊन गेल्या. पुढच्या वर्षी मी तळोज्याकडे, नावड्याच्या बालवाडीत पुन्हा नव्याने सुरुवात केली, आणि पहिल्याच आठवड्यात मुलाच्या घरी जाऊन बसले. कॉलेजचं पत्र गावच्या शाळेत पोचायला मात्र ऑगस्ट उजाडला. मुलीला गणपतीनंतर पहिलीत घेतलं. तोवर ती पुन्हा बालवाडीतच बसत होती. लहान लहान मुलं तिला 'मुकी' म्हणायला लागली होती. शाळेतही ते नाव तिच्या आधीच पोचलं.

चारेक वर्षांनी वाशीच्या बाजारात तिची आई मासे विकताना दिसली. मी तेव्हा बालवाडी चालवणाऱ्या बायकांना शिकवायला लागले होते. मी ओळख दिली. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. चौथीला हाय."

"बोलते?"

"घरान बोलते." मग म्हणाली, "शालेचा मना काय ठाव? तू शिकलेली बाई. जाऊन बघ."

पुढच्या आठवड्यात मी गेले. हेडमास्तर बदलले होते. नवीन वर्गशिक्षिका म्हणाली, "गणितात पहिली असते. पण बोलत नाही हो. स्वभाव असतो एकेकाचा." मधली सुट्टी झाली होती. मी मागच्या बाजूला गेले. चार-पाच मुली कुंपणापाशी बसल्या होत्या आणि ती, आता लांब हातपायांची झालेली, हातवारे करून त्यांना काहीतरी सांगत होती. एक मुलगी हसून हसून आडवी झाली होती. काय सांगत होती ते ऐकायला मी दोन पावलं पुढे सरकले. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. ती वाक्याच्या मध्येच थांबली आणि तिने मान खाली घातली.

मी लगेच मागे फिरले, फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. तिचा आवाज पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.