केळीच्या पट्टीत टांगलेली एअरगन

मंडळी, आज दोन वर्षांनी एअरगन चालवली. एका हाताने टायपिंग चाललंय, चुका सांभाळून घ्या.

अपघातानंतर माझा डावा हात उचलला जात नाही. नळी पेलणार कशी? म्हणून काल वडिलांना, नानांना म्हटलं, "ती गन विकून टाका."

नाना केळीवाले. चिडलेच. "झाडले घड जड व्हयना म्हनीसन आपन झाड तोडतस का? बांधतस ना!" म्हणजे घड जड झाला म्हणून झाड तोडत नाहीत, त्याला आधार बांधतात.

सकाळी मळ्यातून घड बांधायची पट्टी घेऊन आले. अंगणातल्या शेडच्या पाइपाला ती टांगली आणि नळी तिच्यात अडकवली. गाठसुद्धा केळीच्या घडाला मारतात तीच! छर्रा त्यांनीच भरून दिला. समोर वाळूची पोती, त्यावर कागदी टार्गेट.

पहिले चार छर्रे पोत्यात गेले, कारण पट्टी झुलत होती. नानांनी बाजूने अजून एक पट्टी ताणून बांधली. पाचवा थेट काळ्या गोलात!

तो कागद नानांच्या खिशात आहे. गल्लीभर दाखवून झालाय.

एक सांगायचं राहिलं. दोन वर्षं मी गनच्या कपाटाला हात लावला नव्हता, तरी गनला गंज नव्हता. तेल ताजं होतं.

तुमचाही नाद तुमच्या नकळत असा कुणी जपून ठेवलाय का? एकदा कपाट उघडून बघा.