ग्रहणाला इंग्रजीत काय म्हणतात

सुपरवायझरबाईंचं आणि माझं पहिल्याच आठवड्यात फाटलं. दादरची भाड्याची जागा सोडून आम्ही मीरा रोडला राहायला आलो होतो आणि मी घराजवळच्या एका इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवायला लागले होते. शाळा म्हणजे एका रहिवासी इमारतीचे खालचे दोन मजले. वर लोकांचे संसार, खाली आमचे वर्ग. वर कुणी मिरचीची फोडणी टाकली की खाली अख्खी तिसरी खोकायची.

बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. घरून फोन आला की कोपऱ्यात तोंड करून अस्सल कोकणी हेलात बोलायच्या. पण फोन ठेवला की मराठी संपली. मी पहिल्या दिवशी "नमस्कार बाई" म्हटलं, तर सगळ्या स्टाफरूमसमोर मला ऐकवलं, "टीचर, हिअर वी से गुड मॉर्निंग." तेव्हाच माझ्या मनातून त्या उतरल्या.

त्यांनी एक पाटी करून ठेवली होती. पुठ्ठ्याची, सुतळी ओवलेली. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'मी आज इंग्रजीत बोलले नाही.' जो मुलगा मराठीत किंवा हिंदीत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती जायची. सुटका एकाच मार्गाने. दुसरं कुणी तसं बोलताना पकडायचं, बाईंना सांगायचं, की पाटी त्याच्या गळ्यात. त्यामुळे मधल्या सुट्टीत आठ वर्षांची मुलं एकमेकांच्या तोंडाकडे टपून बसायची. डबा खाताना सुद्धा कुणी बोलत नसे. बाई पालकांना अभिमानाने सांगायच्या, आमच्याकडे शिस्त आहे.

त्या वर्षी तिसरीच्या इंग्रजीत अवकाशाचा धडा होता. शब्दांचा एक तक्ता आला, ऑर्बिट, ग्रॅव्हिटी, सॅटेलाइट, एक्लिप्स असे. बाईंचं म्हणणं, स्पेलिंग आणि व्याख्या पाठ करून घ्या, स्नेहसंमेलनात स्टेजवर म्हणायच्या आहेत. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाच्या घरी इंग्रजी नव्हतं. मराठी, गुजराती, यूपीकडची हिंदी, असं सगळं. मी फळ्यावर 'स्पेस' लिहिलं आणि विचारलं, हे काय? एका मुलाने लगेच बेंचवर बोट आडवं ठेवलं. दोन शब्दांच्या मध्ये बोटभर जागा सोडायची, ती स्पेस. पहिलीपासून तेच शिकवलेलं. स्टार म्हणजे वहीवर लाल पेनने मिळतो तो. ग्रॅव्हिटी म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, चायनीजमध्ये असते ती?" ग्रेव्ही! मी हसले, पण आतून माझं डोकं फिरलं होतं. दोन वर्षं ही मुलं रोज इंग्रजी घोकत होती आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की कळतंय का.

मग मी ठरवलं की जे शब्द कळायचे ते कळू देत, कुठल्या का भाषेत होईना. मुलांना घेऊन गच्चीवर गेले. एका दांडग्या मुलाला मध्ये उभं केलं, तो सूर्य. बाकीचे त्याच्याभोवती फिरले. "ही तुमची वाट, हीच ऑर्बिट," मी मराठीत सांगितलं, मग हिंदीत. मुलं गरगर फिरली, आदळली, ओरडली. मग चंद्र मध्ये येऊन सूर्याला झाकतो ते एक्लिप्स, असं सांगितलं.

वर्गात पेणकरपाड्याची एक मुलगी होती. शाळेमागच्या जुन्या गावातली. मळकी रिबीन, बारीक अंग, वर्गात कधी तोंड उघडायची नाही, कारण तिच्या घरची बोली इतर मराठी मुलांनाही हसू आणायची. तिने त्या दिवशी आपणहून विचारलं, "टीचर, मून तं बारका. मग सनला कसा झाकंल?"

किती चांगला प्रश्न! मी सगळ्यांना एक डोळा मिटायला सांगितला, अंगठा उघड्या डोळ्यासमोर धरायला लावला आणि समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी बघायला सांगितली.

ती मुलगी किंचाळलीच. "टाकी गेली! टीचर, टाकी गेली! म्हंजे गिराण! गिराण लागला!"

"हो, ग्रहण. तेच एक्लिप्स."

"मग सूर्याला कोन खात न्हाय? माजे काकीला अंधारात बसवलेली, पोटात बाळ व्हता म्हनून. कोन खातच न्हाय, नुसता आड येते?"

"नुसता आड येतो," मी म्हटलं.

तेवढ्यात गच्चीच्या दारातून आवाज आला, "व्हॉट इज धिस?" बाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. सरळ त्या मुलीपाशी आल्या, तिचा दंड धरला आणि तिला खाली घेऊन गेल्या. आम्ही वर्गात पोचलो तेव्हा तिच्या गळ्यात पाटी होती.

मी जाऊन ती पाटी काढली. बाई दारातच होत्या. म्हणाल्या, "पुट इट बॅक."

"नाही घालणार," मी मराठीत म्हटलं. मुद्दाम मोठ्याने. "तिला आज एक्लिप्स कळलंय. तुमच्या स्टेजवरच्या एकाही पोपटाला कळलेलं नाही."

त्यांचा चेहरा लालभडक झाला. आणि मग त्या मराठीत बोलल्या, माझ्याशी पहिल्यांदाच, अगदी हळू. "तुम्हाला काय जातंय? तुम्ही दादरच्या. तुम्हाला मराठीत बोललेलं शोभून दिसतं. मी इंटरव्ह्यूला गेले होते तेव्हा माझ्या इंग्रजीला लोक हसले होते. या पोरांना कुणी हसायला नको मला."

"म्हणून तुम्ही आधीच हसून घेताय त्यांना," मी म्हटलं. पाटी मी माझ्या कपाटात टाकली आणि किल्ली पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या मुलीच्या आईला बोलावून घेतलं. ती भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होती. कामावरून तशीच आली, नखांत काळं, ओढणीने तोंड पुसत. मला वाटलं, पोरीच्या गळ्यात पाटी घातली म्हणून ती बाईंना फाडून खाईल. मी तर तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

ती बसली नाही. माझ्याकडेच वळली. "तुमी माजे पोरीला मराठीत शिकवता?"

"समजावं म्हणून सांगते. शब्द इंग्रजीच शिकवते."

"मराठीत शिकवायचा तं गावात फुकट शाला हाय. मी हितं कनाला घातली तिला? मराठी तिला मी देते घरी. तुमच्याकडं जे हाय ते द्या ना. ते सोडून आमचंच आमाला परत देता."

मला राग आला, आता तिचाही. मी म्हटलं, "तिला विचारा तरी, काय आलं ते." आणि मुलीला जवळ घेतलं. "सांग आईला. इंग्लिशमध्ये सांग. व्हॉट इज एक्लिप्स?"

मुलगी आईकडे वळली. मग अंगठा वर धरला आणि थांबत थांबत म्हणाली, "मून कम इन मिडल. सन नॉट गो. सन ओन्ली हाइड."

ते वाक्य तिला कुणी दिलं नव्हतं. तिचं तिने जुळवलं होतं. आईला मात्र बरोबर की चूक काही कळेना. तिने बाईंकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "राँग. ग्रामर इज राँग. धिस इज नॉट द डेफिनिशन."

'राँग' एवढा एक शब्द आईला कळला. तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. माझ्यासमोर, दारात जमलेल्या मुलांसमोर. मी मध्ये पडले, तर माझा हात झटकला. "तुमी बाजूला व्हा. तुमच्यापायी झालं."

मी बाईंना जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले, एवढं सांगते. ट्रस्टींकडे तक्रार गेली आणि तिसरी माझ्याकडून काढून घेतली. मला कागदकाम आणि ग्रंथालयाचा तास दिला. ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट.

ती मुलगी दुसऱ्या तुकडीत गेली. स्नेहसंमेलनात ती स्टेजवर होती, डोक्यावर चंदेरी कागदाचा चंद्र बांधलेली. एक्लिप्सची व्याख्या तिने एका दमात म्हटली, लांबलचक, एकही चूक न करता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पुढच्या रांगेत होती, तिने सगळ्यात जास्त. माझ्या शेजारची टीचर म्हणाली, "बघा, किती सुधारली." मी उठून बाहेर आले. मुलगी नंतर जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, "मून बारका, मग सनला कसा झाकतो?" तिने मागे बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि तरीही उत्तर दिलं नाही. "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणून वर पळाली. संध्याकाळ होती.

मे महिन्यात मी ती शाळा सोडली. बाई निरोपाला हात पुढे करून उभ्या होत्या. मी हात दिला नाही.

तीनेक वर्षांनी शेअर रिक्षाच्या रांगेत त्या मुलीची आई दिसली. मी मान फिरवली, पण तिनेच हाक मारली. पोरगी आता मोठ्या शाळेत आहे म्हणाली, फडाफड इंग्रजी बोलते. "घरी पन इंग्लिशच. मला तं काय कलत न्हाय," ती हसत म्हणाली.

"मग तुम्ही काय करता?"

"काय करनार? आयकते."

त्या हसण्यात मला दुःख शोधायचं होतं. सापडलं नाही. तिला खरंच आनंद झाला होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रिक्षा आली. ती आत बसली, सरकून तिने माझ्यासाठी जागा केली. मी तिला जा म्हटलं, आणि पुढच्या रिक्षाची वाट बघत उभी राहिले.