पूजा बाहेरून करावी

सुपडू गेल्याची बातमी मला आमच्या ग्रुपवरच कळली. सकाळी फिरून आलो, चष्मा पुसून फोन पाहिला, तर जळगाव-धुळ्याच्या आम्हा संगणकवेड्यांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं ओळीने आलेली. धुळ्याचे सुपडूभाऊ हृदयविकाराने गेले, वय त्रेपन्न. मीही हात जोडले आणि मग ग्रुपची माहिती उघडली... का, ते तेव्हा मलाही कळलं नाही. नावाखाली मी तीन वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ तशीच होती : 'जुन्या मदरबोर्डात नवे ग्राफिक्स कार्ड लावू नये. नानांचा अनुभव.' नाना म्हणजे मी. ती ओळ खोटी आहे हे दोघांना माहीत होतं. त्या सकाळपासून मला एकट्यालाच माहीत होतं.

सुपडू मूळचा सोनगीरचा, तांबटाच्या घरचा. भांडी घडवण्याचं काम बापासोबत संपलं, तेव्हा तो धुळ्यात टीव्ही दुरुस्त करायला लागला आणि पुढे संगणक जोडायला. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. निवृत्तीनंतर मला संगणकावर विमान उडवायचा नाद लागला, आणि त्या नादानेच आमची गाठ पडली. वयात वीस वर्षांचं अंतर, पण तासन्‌तास बोलायचो. धातूला धातू नीट टेकला की अर्धे आजार जातात, हे त्याचं बापाकडून आलेलं ज्ञान. संगणकाचा कोणताही भाग हातात घेतला की आधी त्या भागाच्या कडेच्या सोनेरी दातांवरून मऊ कापड फिरवायचा. हे यात बसेल का, असं कोणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं : "बसी जाई."

मी नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र उमटवणारा भाग, घ्यायचं ठरवलं, तेव्हा ग्रुपवर मोठा वाद झाला. कार्ड नव्या पिढीचं, माझा मदरबोर्ड एक पिढी जुना. कार्ड बसवायची खाच तीच, पण बोर्डाचा वेग निम्मा. काही जण म्हणाले, बोर्डही बदला. सुपडू म्हणाला, काही गरज नाही, कार्ड जुन्या वेगाने चालेल आणि तुमच्या विमानाला फरकही कळणार नाही. तो स्वतः एसटीने जळगावला आला, कार्ड बसवून गेला, आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. दोन महिने मी जगभरच्या विमानतळांवर उतरत होतो.

मग दसरा आला. एक्स्चेंजमध्ये आम्ही दर दसऱ्याला यंत्रांची पूजा करायचो, ती सवय होती. मी कॅबिनेटची काच काढली, कार्ड उपसून धूळ झटकली, आणि बोर्डालाच हळदकुंकू वाहिलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. नमस्कार करून कार्ड परत बसवलं. दुसऱ्या दिवसापासून विमान अडखळायला लागलं. धावपट्टी तुकड्यातुकड्यांनी दिसायची.

मी कार्ड काढून पाहिलं नाही. ग्रुपवर लिहिलं, जुना बोर्ड आणि नवं कार्ड यांचं जमत नाही, सुपडूचा सल्ला फसला. त्याने एवढंच लिहिलं, नाना, कार्ड काढा, खाच साफ करा, परत बसवा. पण मी ग्रुपमधला सर्वांत वडील, चाळीस वर्षं यंत्रांत काढलेला. नाना म्हणाले म्हणजे झालं, असं तिथे चालायचं. पोरांना निमित्तच हवं होतं. कोणाचंही काही बिघडलं की कोणीतरी टाकायचं, 'बसी जाई', आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

आठवडाभराने मी एकदाचं कार्ड काढलं. खाचेत कुंकू होतं. बारीक, लाल, दातांच्या मधोमध बसलेलं. ब्रशने झाडलं, स्पिरिटने पुसलं, कार्ड बसवलं... आणि विमान लोण्यासारखं उतरलं.

तेव्हाच ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर सगळे हसले असते आणि विसरले असते. मी लिहिल्या नाहीत. उलट नवा बोर्ड आणून बसवला, आणि 'आता उत्तम चालते' असं लिहिलं. त्याच दिवशी ग्रुपच्या माहितीत ती ओळ घातली. ती वाचून भुसावळ-चाळीसगावच्या पोरांनी चांगले चालते बोर्ड काढून टाकले. धुळ्यातली काही गिऱ्हाइकं सुपडूला आधी विचारायची, "नानांना विचारलं का?"

माझा जुना बोर्ड सुपडूनेच मागून नेला. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"नाना, तुमना बोर्ड बेस शे. नवं कार्ड लावं, मस्त चाली ऱ्हायनं."

मग त्यानेच विचारलं,

"दसराले आतमा पूजा करेल व्हती का तुम्ही?"

खाचेच्या एखाद्या कोपऱ्यात माझ्या ब्रशला न सापडलेलं कुंकू त्याच्या नजरेला सापडलं असणार. मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "बरं," आणि घरच्यांची खुशाली विचारली. नंतर तो ग्रुपवर बोलेनासा झाला. भेटलो तर तसाच हसायचा, पण त्याचं ते ठरलेलं उत्तर मी पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

मागच्या आठवड्यात धुळ्याला त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीतच दुकान. बाकावर गिऱ्हाइकांचे तीन संगणक, न्यायला कोणी आलं नव्हतं. प्रत्येकाच्या कॅबिनेटवर, काचेच्या कडेला, एक छापील चिठ्ठी चिकटवलेली : 'दसऱ्याची पूजा बाहेरून करावी. आत कुंकू टाकू नये.' खाली कोणाचं नाव नाही, कोणाचा अनुभव नाही.

त्याची बायको रत्ना चहा घेऊन आली. मी चिठ्ठीकडे बघतोय हे पाहून तिने खणातून एक काढून माझ्यापुढे धरली.

"तीन वरीसफाईन बठ्ठासले देत व्हतात. तुमनाकडे नही का, नाना?"

माझ्याकडे नव्हती. तीन वर्षं धुळ्यात ज्याच्या त्याच्या यंत्रावर त्याने ती लावली, आणि त्या काळात माझ्या घरी दोनदा येऊनही मला दिली नाही.

मी तिला तिथेच सगळं सांगितलं. कुंकू, नवा बोर्ड, फोनवरचं 'नाही'. तिने ऐकून घेतलं. मग बाकावरच्या संगणकांकडे बघत म्हणाली, "चहा थंडा व्हई ऱ्हायना तुमना."

ग्रुपवरची ती ओळ मी काढली आहे. काय घडलं तेही तिथे लिहिलं आहे, आणि इथेही लिहितो, कारण सुपडूच्या गिऱ्हाइकांतले बरेच जण ग्रुपवर नाहीत, पण वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. चिठ्ठी माझ्या कॅबिनेटवर लावली आहे. विमान उडवायला बसलो की आधी ती दिसते, आणि बरेचदा मी यंत्र सुरू न करताच उठतो.