गॅरंटी नसलेलं सोनं

ऑफिसातल्या प्रत्येक डेस्कच्या खालच्या ड्रॉवरमध्ये केचपची पाकिटं असतात. ती मुद्दाम कुणी जमवत नाही. पार्सलबरोबर येतात, "असू दे" म्हणून आत जातात आणि एक दिवस ड्रॉवरच उघडेनासा होतो. किस्स्यांचंही तसंच होतं बघा!

दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या छोट्याशा शिपिंग ऑफिसात लंचला आम्ही तिघं एका टेबलावर बसायचो. मी ग्रेस, वसईची, अकाउंट्सवाली. संदेश डोंबिवलीचा, सेल्सवाला. आणि आमचे सगळ्यांत सीनियर अश्फाकभाई, दापोलीकडचे. त्यांची अर्धी नोकरी जबल अलीच्या बंदरावर कंटेनरांच्या मागे धावण्यात गेलेली. ते रिटायर झाले, त्या शेवटच्या काही महिन्यांतलेच किस्से एवढे आहेत की बाकीचे बाहेर काढायची गरजच नाही.

* * *

रिटायर होणाऱ्याला आमची कंपनी घड्याळ देते. जन्मभर वेळेवर आलेल्या माणसाला, आता वेळेशी काही देणंघेणं उरलं नाही तेव्हा घड्याळ!

संदेश म्हणाला, "भाई, आम्ही तुम्हाला काहीतरी वेगळं देणार. बोला, काय पाहिजे?"

अश्फाकभाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "पहिल्या सुट्टीला गावी गेलो तेव्हा फुफीनं विचारलं होतं, 'काय रे, तिकडं सोनं जमिनीवर पडलेलं असतं म्हणतात. खरं काय?' मी बोललो, 'खरं आहे फुफी, पण वाकायला सुट्टी मिळत नाही!'"

आम्ही खो खो हसलो. तेही हसले. मग तो तुकडा कालवणात बुडवत म्हणाले,

"तेवढं एकदा वाकून बघायचं होतं, बस."

संदेशनं तिथल्या तिथं फोन उचलला आणि सर्च केलं. जगात नद्यांच्या वाळूतून सोन्याचे कण शोधायच्या टूर असतात, गाइड असतो, नवख्यांसाठी वेगळ्या असतात, हे आम्हाला त्या दिवशी डाळभात खाताना कळलं.

* * *

पहिला फोन ज्याला लावला तो भलताच उत्साही निघाला. स्पीकरवर त्याचा आवाज पूर्ण पँट्रीत घुमत होता.

"सर, हंड्रेड पर्सेंट गोल्ड गॅरंटी!"

"सौ टक्का मिलेगा?" संदेश खूष.

"मिलेगा ही मिलेगा, सर. सिल्व्हर पॅकेज में थोडा मिलेगा, प्लॅटिनम पॅकेज में ज्यादा मिलेगा."

मी डोक्याला हात लावला. म्हणजे आदल्या दिवशी हेच वाळूत पेरून ठेवणार! तरी संदेश दिरहमचे रुपये करत प्लॅटिनमचा विचार करायला लागला होता.

अश्फाकभाई शांतपणे म्हणाले, "अरे, पैसे जास्त दिले की सोनं जास्त, हे तर आपल्या सोनाराकडं पण होतं. तो वर चहा पाजतो!"

* * *

दुसरी टूर एकदम कडक. तंबू, दोरखंड, डोंगर चढणं, मेटल डिटेक्टर. मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटत होता, तो मी विचारला. टॉयलेट?

"मॅम, द होल माउंटन इज युवर टॉयलेट!"

मी मनातल्या मनात त्या टूरवर काट मारली. पण तेवढ्यात त्या माणसानं ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर मेंबरशी बोलायचं म्हटलं. अश्फाकभाईंनी फोन घेतला.

"सर, एनी एक्सपीरियन्स विथ गोल्ड?"

भाईंनी जरा विचार केला.

"थ्री डॉटर्स. ऑल मॅरीड. इनफ?"

* * *

तिसरी होती नीनो. जॉर्जियातली. जॉर्जिया म्हणजे इथल्या लोकांचं माथेरान. ईदची सुट्टी लागली की अर्धी दुबई तिकडं. नीनो शिकलेली जिऑलॉजिस्ट, मोजक्याच लोकांना घेऊन डोंगरातल्या नदीवर जायची. नदीत उतरायची परवानगी तिच्याकडे होती. बूट, पॅन, इन्शुरन्स, सगळं ती देणार होती. पॅन म्हणजे वाळू धुवायची पसरट थाळी.

संदेशनं विचारलं, "सोनं मिळेल ना?"

"मे बी अ व्हेरी स्मॉल पीस," ती म्हणाली. "मे बी नथिंग. बट रिव्हर इज नाइस."

फोन ठेवल्यावर संदेशचं तोंड उतरलेलं. "भाई, हिला सेल्स अजिबात येत नाही. टार्गेट कसं गाठत असेल?"

"हीच," अश्फाकभाई म्हणाले. "आयुष्यभर मी 'कंटेनर उद्या नक्की सुटेल' सांगणारे ऐकले. एखादा 'नाही सुटणार' बोलला की समजायचं, याला काम येतं."

* * *

नीनोनं बजावलं होतं, येण्याआधी हात बसवा. टबात पाणी आणि वाळू घ्या, त्यात मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी टाका. वाळू वाहून गेली आणि शिसं थाळीत राहिलं, तर सोनंही राहील.

म्हणून एका शनिवारी आम्ही दुबईच्या पार उलट्या बाजूला, फुजैराच्या किनाऱ्यावर गेलो. माझी लेक रेचलही होती. अश्फाकभाईंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टबाशी उकिडवे बसून थाळी गोल गोल फिरवायला लागले. संदेश शेजारी उभा राहून व्हिडिओत बघितलेल्या सूचना देत होता.

रेचल कारमधूनच म्हणाली, "ममा, व्हाय इज अश्फाक अंकल वॉशिंग द बीच?"

तेवढ्यात पोलिसांची गाडी थांबली. तरुण अमिराती ऑफिसर उतरला, टबाकडं बघितलं, थाळीकडं बघितलं, भाईंच्या पोटऱ्यांकडं बघितलं.

"व्हॉट इज धिस?"

संदेशची बोबडी वळली. तोंडातून फक्त खरं तेवढंच निघालं. "गोल्ड, सर!"

ऑफिसर क्षणभर गंभीर राहिला. मग म्हणाला, "हबीबी, गोल्ड सूक, गोल्ड मार्केट, इज इन दुबई. यू केम टू द राँग साइड!"

सगळा प्रकार समजावल्यावर त्यालाच मोह आवरेना. थाळी घेतली, दोनदा जोरात हिसकली, आणि वाळूच्या आधी शिशाचे सगळे मणी टबात! त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहत नाही ना.

"खलास," तो म्हणाला. "ड्रिंक वॉटर. टू हॉट." आणि गेला.

* * *

सगळं ठरलं. बकरी ईदच्या सुट्टीत जायचं, कारण त्यानंतर लगेच भाईंचा दुबईचा व्हिसा कॅन्सल होणार होता. आणि अशा वेळी एके दिवशी डबा उघडता उघडता अश्फाकभाई म्हणाले, "मी येत नाही."

"का?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

कारण हलीमाभाभी, भाईंची बायको. इथला संसार गुंडाळायला म्हणून भाभी त्या महिन्यात येणार होत्या. भाईंची उभी नोकरी इकडं झाली आणि भाभींनी तिकडं सासू सांभाळली, मुली वाढवल्या. दुबई त्यांनी एकदाच बघितलेली, तीही भाईंना टायफॉइड झाला होता तेव्हा.

"ती इथं येणार आणि मी सोनं शोधायला पळणार?" भाई म्हणाले. "लोक काय बोलतील ते सोड गो ग्रेसबाय. मी मला काय बोलेन?"

"मग भाभींना पण घेऊ!"

"तिचे गुडघे दुखतात. नदीत कशी उतरेल?"

संदेशनं तिथूनच नीनोला फोन लावला. सगळी हकिकत सांगितली. गुडघे, वय, पाण्यात न उतरणं, सगळं.

नीनोनं विचारलं, "डझ शी लाइक टू सिट निअर अ रिव्हर?"

संदेशनं भाईंना विचारलं. भाईंनी मान हलवली.

"देन शी इज क्वालिफाइड!"

इथं राहणाऱ्या आम्हाला जॉर्जियाचा व्हिसा लागत नव्हता, भाभींना लागत होता, आणि तो काही येईना. रोज लंचला आम्ही तिघं फोन समोर ठेवून बसायचो. "इन्शाल्ला येईल," भाई म्हणायचे, पण जेवण अर्धंच व्हायचं. सुट्टी उद्यावर आली आणि ईमेल वाजला. संदेशनं वाचला, आणि सेल्समधल्या त्या धट्ट्याकट्ट्या माणसाचे डोळे भरले!

भाभी आठवड्यापूर्वीच दुबईत पोचल्या होत्या, त्यांना खोलीवर फोन केला. पलीकडून आवाज आला, "मग स्वेटर घेऊ की नको, ते आधी सांगा!"

* * *

नदी खरंच सुंदर होती. पाणी असं गार की पाय आहेत की नाहीत कळेना. दहा मिनिटांत संदेश किंचाळला, "मिळालं! ढीगभर मिळालं!" थाळी नुसती चमचमत होती.

नीनोनं वाकून बघितलं. "मायका. व्हेरी ब्यूटिफुल. यू कॅन टेक ऑल."

म्हणजे अभ्रक. मग तिनं समजावलं, की उन्हात सगळंच चमकतं. थाळी सावलीत धरायची. सावलीतही जे पिवळं राहतं, ते सोनं.

हलीमाभाभी काठावर झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. थंडी वाजत होती म्हणून त्यांनी संदेशचा पिवळाधमक रेनकोट घातलेला. अश्फाकभाईंनी नदीतून तिकडं बघितलं.

"सावलीत पिवळं ना? मग ते बघा, मिळालं! चला घरी!"

"गप बसा," भाभी म्हणाल्या. "पाणी हलवा!"

भाई हलवत राहिले. दुपार कलली. मी आणि संदेश कधीच बाहेर येऊन चहा पीत होतो. अचानक लक्षात आलं, त्यांचा हात थांबलाय. नीनो पाण्यातून त्यांच्याजवळ गेली, स्वतःच्या अंगाची सावली थाळीवर केली आणि बघितलं.

"येस," एवढंच म्हणाली.

मोहरीच्या दाण्याचे चार तुकडे केले तर त्यातला एक, एवढा कण. पण पिवळा!

भाई वाकलेलेच. बराच वेळ. मी काठावरून म्हटलं, "भाई, कंबर धरेल. उठा आता."

"उठतो गो," ते म्हणाले. "आत्ताच तर वाकलोय."

* * *

दोघं गावी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या लंचच्या वेळेला व्हिडिओ कॉल आला. संदेशनं फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला. मागे भाईंच्या घराची पडवी, शेजारी भाभी.

"काल काय झालं ऐका," भाई म्हणाले. "मुंबईला उतरलो. एवढी वर्षं कस्टमला, काही दाखवायचं नसतं त्या हिरव्या बाजूनं गुपचूप निघून गेलो. काल ही बोलली, 'आज लाल बाजूनं जायचं.' गेलो! ऑफिसर बोलला, 'काय डिक्लेअर करायचंय?' मी बोललो, 'सोनं.'"

"मग?"

"मग तो ताठ बसला. मी खिशातनं नीनोनं दिलेली ती काचेची कुपी काढली. त्यानं ट्यूबलाइटला धरून बघितली. चष्मा काढून बघितली. बोलला, 'चाचा, यात पाणी आहे.' मी बोललो, 'जरा हलवा.' त्यानं हलवली. बाजूच्या मॅडमला बोलावलं. तिनं हलवली. मग तिसरा आला. मागे लाइन लागलेली, आणि हे तिघं कुपी हलवतायत! शेवटी मॅडम ओरडली, 'दिसलं! दिसलं!'"

संदेश टेबलावर हात आपटून हसत होता.

"ऑफिसर पण हसला. बोलला, 'जा चाचा, आरामात घरी जा. ह्याला काय ड्युटी लावू?' मी सलाम केला, कुपी घेतली, ट्रॉली वळवली. बघतो तर ही काउंटर सोडायला तयार नाही!"

"का? भाभी, काय झालं?"

भाभींनी भाईंच्या हातातला फोन घेतला आणि पदर सारखा केला.

"मी बोलले, 'असं कसं साहेब? एक रुपया लावा, पण लावा. मला पावती पाहिजे!'"