गुंफाबाई आणि तापलेला पाइप

केळं पुढे केलं की गुंफाबाई तोंड फिरवायच्या. गावात कुणाचा वाढदिवस असला की त्याच्या घरची मंडळी आमच्या वृद्धाश्रमात येत, म्हाताऱ्यांच्या तोंडात केळं कोंबत, फोटो काढत आणि निघून जात. "शी! मी काय म्हसोबा हाओ, निवद दाखवाले?" बाई तोंडावर विचारत. मंगरूळपीरच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज अजून वर्गातलाच. मी तिथे मदतनीस होते. मला तो उद्धटपणा वाटे.

मग संस्थेच्या अध्यक्षांनी गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवला. दारात त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली. न्हाणीघरात मात्र गरम पाण्याचा लोखंडी पाइप भिंतीवर उघडाच, कमरेच्या उंचीवर. आधाराला दांडी नाही. तोल गेला की म्हातारं माणूस पाइपच धरणार. "त्याले काईतरी गुंडाया, अन् एक दांडी बसवा," बाई सांगून थकल्या. व्यवस्थापक म्हणायचे, "बघू."

एका सकाळी हमीदचाचांचा पाय घसरला. शिरपूरचे शिंपी, डोळे गेलेले. त्यांनी पाइप घट्ट धरला. सोडला तेव्हा तळहाताची कातडी त्यालाच चिकटून राहिली. व्यवस्थापक टूथपेस्ट घेऊन धावले. बाईंनी ती भिरकावली आणि चाचांचा हात गार पाण्याखाली धरून बसल्या. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली ती संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पाइपाशेजारी कागद लागला: 'गरम आहे. हात लावू नये.'

"ज्याले डोयेच नाईत त्याले वाचाले लावता? थू!" बाई म्हणाल्या. मलाही आम्हा सगळ्यांची शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात अध्यक्ष फोटोवाला घेऊन न्हाणीघर पाहायला आले. बाई दारातच उभ्या. "साहेब, पाय घसरला असं समजा. धरा बरं काईतरी."

अध्यक्षांनी कागदाकडे न बघताच हसत कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पाइप धरला. किंचाळून हात झटकला. तळवा नुसता लाल झाला होता, पण त्यांची गाडी त्यांना घेऊन तडक वाशिमच्या डॉक्टरांकडे सुटली.

दुसऱ्याच दिवशी पाइपावर जाड आवरण चढलं, दांडी बसली. आणि व्यवस्थापकांनी बाईंना सांगितलं, "तुमच्यामुळे इथलं वातावरण बिघडतं. दुसरीकडे सोय बघा."

मालेगावचा भाचा मोटरसायकल घेऊन आला. मी पिशवी हातात देत म्हणाले, "बाई, काम तर झालं ना?"

"झालं न. पण चाचाचा हात जयला तवा नाई झालं पोरी, अध्यक्षाचा पोयला तवा झालं," त्या म्हणाल्या. "याचीच किळस येते मले."